घरचा प्रश्न, गावचा प्रश्न

पिशोर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील मोठे बाजारगाव. गाव अंजना नदीकाठी, अजिंठा डोंगररांगेच्या प्रदेशात वसलेले आहे. १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा काही भागही याच तालुक्यात येतो. आजूबाजूची खेडी आणि तांडे बाजारहाट, दवाखाना आणि शाळेसाठी पिशोरला येतात. शेती मुख्यतः कापूस, मका आणि अद्रकाची. अशा गावात लेकरे वाढवणाऱ्या आई-बापासमोर येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात. काही घरात सुटतात, काही गावात. कोणता प्रश्न कुठला हे कळायला बहुतेकांना बरीच वर्षे लागतात, कारण घरचा म्हणून दाबून ठेवलेला प्रश्न पुष्कळदा गावचा निघतो आणि ज्यावर पारावर तासन् तास चर्चा झडते तो अखेर आपल्याच ओसरीवर सोडवावा लागतो.

इथल्या घराचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि शाळेचेही जूनमध्येच. बियाणे, खते, वह्या, दप्तर, वरच्या वर्गाची फी हा सगळा खर्च एकाच पंधरवड्यात येतो, आणि हातातली रोकड याच दिवसांत सर्वांत कमी असते. कापसाची पहिली वेचणी आणि मक्याची सोंगणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे होते. अद्रक त्याहून सबुरीचे पीक आहे. मे-जूनमध्ये लावलेला कंद तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. एकरी सुमारे १० क्विंटल बेणे लागते, त्यामुळे बेणे महाग असलेल्या साली घरातली शिल्लक लागवडीतच संपते. पुढे पावसाने सरीत पाणी तुंबले आणि कंदकूज लागली तर तेही हातचे जाते. भाव पडला तर काढणी लांबवून अद्रक जमिनीत ठेवता येते. कॉलेजची फी मात्र लांबवता येत नाही. म्हणून पेरणी कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर होते आणि मुलाच्या शिक्षणाचा खर्च ती उधारी फिटल्यावर जे उरेल त्यात बसवला जातो.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातला आणि विदर्भातला कापूस खाल्ला आणि पुढच्या दोन हंगामांत मक्यावर अमेरिकन लष्करी अळी उतरली. या काळात काही घरांत हिशेबाची पद्धत बदलली. तोवर उधारीचा आकडा बापाच्या डोक्यात असे आणि मुलांना कर्जाचा पत्ता वसुलीला कोणी दारात आल्यावरच लागे. कापूस गेलेल्या त्या वर्षी एका घरात उधारीची वही जेवणानंतर सर्वांसमोर उघडली गेली. आठवीतल्या मुलीने ती वाचून विचारले की बँकेच्या पीककर्जाचे नाव या वहीत का नाही. वेळेत फेडलेल्या पीककर्जावर व्याजात सवलत मिळते, दुकानाच्या उधारीवर मिळत नाही. कर्जाचे नूतनीकरण राहून गेले होते, ते त्याच महिन्यात झाले. तंगी त्यामुळे संपली नाही, पण कशाला नाही म्हणायचे आणि का, हे मुलांना समजावून सांगावे लागले नाही. यातही एक मर्यादा आहे. दहा वर्षांच्या आतल्या लेकराला आकडा सांगितला की ते हिशेब शिकत नाही, धास्ती घेते. लहानांना या महिन्यात काय घ्यायचे नाही एवढे सांगितले तरी पुरते.

शाळेशी पालकाचा संबंध आधी तक्रारीपुरता असतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला एक अधिकृत जागा दिली, ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत ही समिती कागदावर असते. सभेची वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. बदल होतो तो कोणी पालक वही वाचून मग सही करू लागला की. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. हे प्रमाण माहीत असलेल्या आईने दुपारी शाळेत डोकावणे आणि माहीत नसलेल्या आईने घरी बसून कुरकुरणे यांत फार फरक पडतो. पहिली आई भांडायला न जाताही खिचडी सुधारते, कारण तिला काय विचारायचे ते ठाऊक असते.

पालकांच्या समजुतीला सर्वांत मोठे वळण बसच्या प्रश्नाने दिले. वाडी-वस्तीवरच्या मुली सातवी-आठवीनंतर घरी राहू लागल्या की कारणे घरातलीच सांगितली जात. तिला शिकायचे नाही, आईच्या हाताखाली कोणी नाही, एवढे शिकली तेवढे पुष्कळ. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, म्हणजे पैशाची अडचण नव्हती. एका वस्तीवरच्या आया एकत्र बसल्या तेव्हा खरे कारण निघाले. शाळा सुटायची वेळ आणि परतीच्या बसची वेळ जुळत नव्हती. बस चुकली की मुलींना दिवेलागणीला रस्त्याने पायी यावे लागे, आणि वाटेवरच्या कापसात, मक्यात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येत. प्रत्येक घराने स्वतःपुरता सुज्ञ निर्णय घेतला होता, आणि त्या निर्णयांची बेरीज होऊन आठवीच्या पुढच्या वर्गात त्या वस्तीवरची एकही मुलगी उरली नव्हती.

याविषयी तोंडी बोलणे पुष्कळ झाले होते. निवडणुकीत शब्दही मिळाला होता. काम झाले ते अर्जाने. अर्जात शाळा सुटण्याची वेळ, पास काढलेल्या मुलींची संख्या, मुख्याध्यापकांची सही आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत एवढेच होते. आगारात अर्ज दिला, पोच घेतली, आवक क्रमांक लिहून ठेवला आणि पुढच्या प्रत्येक चकरेला तो क्रमांक सांगितला. आगाराला गाऱ्हाण्यापेक्षा प्रवाशांचा आकडा लागतो, कारण फेरीचा निर्णय त्यावर होतो. परतीची बस अर्ध्या तासाने पुढे गेली. पावसाळ्यात ती पुन्हा बंद पडली, कारण रस्ता खचला होता, आणि रस्ता एसटीचा नसतो. तो ग्रामपंचायतीचा आहे, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे आधी शोधावे लागते. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नाकारला जात नाही, तो नुसता पडून राहतो. हे कळेपर्यंत पालकांचा एक पावसाळा गेला.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्याआधीचे दीड वर्ष करोनात गेले होते. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती त्या मुलांना कोणी ना कोणी शाळेत सोडले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची शाळा सुटली. संप मिटल्यावर बस परत आली, पण त्या मुदतीत सुटलेल्या सगळ्या मुली वर्गात परतल्या नाहीत. काहींची लग्ने ठरली होती.

तांड्यांवरच्या आणि अल्पभूधारक घरांचा प्रश्न वेगळा. दसरा-दिवाळीनंतर ही माणसे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्यावर घेतलेली असते, त्यामुळे दोघांपैकी एकाने लेकरांसाठी मागे राहण्याची सोय नसते. लेकरे बरोबर नेली तर ती कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, राहतात आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बसते. मागे ठेवली तर आजीकडे, आणि आजीच्या हाताने स्वयंपाक होईल याची खात्री नाही. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुले गावातच राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. तिची अडचण वेळेची. शाळेत यादी होते तोवर निम्मी घरे कुलूप लावून गेलेली असतात. यावरचा तोडगा गावातल्याच पालकांनी सुचवला. उचल पोळा-गणपतीच्या सुमारासच घेतली जाते आणि कोण जाणार हे तेव्हाच तांड्यावर सर्वांना ठाऊक असते. यादी तेव्हा केली की मुले राहतात. इथे शेजाऱ्याचेही एक काम ठरते. वसतिगृह जेवण देते, पण संध्याकाळी ताप आलेल्या लेकराला दवाखान्यात कोणी न्यायचे हे कोणत्याच योजनेत लिहिलेले नसते. ज्यांना तोडीला जावे लागत नाही त्यांनी ते वाटून घ्यावे लागते.

पाण्याचा प्रश्न हजेरीपटावर दिसतो. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले तेव्हा माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. मराठवाड्यात उन्हाळ्यातला नळ रोज येत नाही, आणि २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ अशा दुष्काळी सालांत तर टँकरची वाट पाहावी लागली. एका शाळेत मुलींच्या गैरहजेरीचे दिवस पाहिले तर ते नळाच्या पाळीच्या दिवसांशी जुळत होते. पाणी सकाळी सुटेल की दुपारी याचा नेम नाही, आई रोजाने गेलेली, म्हणून हंडे-ड्रम भरायला मुलगी घरी. ग्रामपंचायतीकडे जास्त पाणी नव्हते, पण पाणी सोडण्याची वेळ ठरवून फळ्यावर लिहिणे तिच्या हातात होते. ते झाल्यावर मुली पाणी भरून शाळेला जाऊ लागल्या. मागणी पाण्याची केली असती तर उत्तर पावसावर ढकलले गेले असते. वेळेची केली म्हणून ते आठवड्यात मिळाले.

विजेचा परिणाम घरात उशिरा लक्षात येतो. शेतीची थ्री फेज लाईट रात्रपाळीची असली की बाप रात्री पिकाला पाणी भरतो, साप-विंचवाचा आणि बिबट्याचा धोका पत्करतो आणि दिवसा झोपतो. त्या आठवड्यात मुलांची त्याची गाठच पडत नाही. डीपी जळाली तर ती बदलून आणण्यात आणखी दिवस जातात. ज्या शेतांवर सौर पंप आले तिथे पाणी दिवसा भरले जाऊ लागले. त्याची पहिली चर्चा वीजबिलाची झाली, पण घरात जाणवलेला फरक वेगळा होता. रात्रीच्या जेवणाला बाप ताटावर असू लागला आणि अभ्यास घेण्याचे काम एकट्या आईवरून उतरले.

मोबाईलचा प्रश्न याच्या उलटा आहे. तो गावाचा म्हणून मांडला जातो आणि सुटतो घरात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन होता आणि तो बापाबरोबर शेतात जात असे. मुलांसाठी दुसरा घेतला गेला, तो शाळा उघडल्यावर घरातच राहिला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा नेम केला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. लहान गावात अशी एकजूट होऊ शकते. दुकाने, वडाप आणि दवाखान्यांचे व्यवहार रात्रीपर्यंत चालणाऱ्या बाजारगावात भोंग्याचा उपयोग थोडा. शिवाय इथला मोबाईल मोठ्यांच्याही कामाचा आहे. अद्रकाचा आणि मक्याचा भाव, पावसाचा अंदाज, मुकादमाचा निरोप, सगळे त्यावरच येते. काही घरांनी काढलेला मार्ग साधा आहे. रात्री सगळे फोन ओसरीवर एकाच जागी चार्जिंगला, बाजारभाव पाहणे सकाळी, आणि तीन घरांची मुले मिळून एकाच्या ओसरीवर अभ्यासाला. त्यामुळे प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाला तीन दिवसांतून एकदाच बसावे लागते. रोज बसण्याचा निश्चय बहुतेक घरांत पेरणीपर्यंतच टिकतो, पाळी लावलेली बैठक हंगामातही टिकते.

मुलीच्या लग्नाकडे मात्र गाव आजही निव्वळ घरचा विषय म्हणून पाहते. कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि मराठवाड्याचे चित्र राज्याच्या सरासरीहून वाईट आहे. यामागे आई-बापाची माया कमी नसते. तोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, बस नसताना तिने शाळेतून कसे यायचे, जास्त शिकली तर हुंडा वाढेल, हे हिशेब त्यात असतात. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि त्यावर वेगळी उचल मिळते, हेही असते. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. एका ठिकाणी असे लग्न हळदीच्या आदल्या दिवशी थांबले. थांबवायला एक फोन पुरला. त्यानंतर भावकीने त्या घराशी बोलणे सोडले, कळवले कोणी याची कुजबुज महिनाभर चालली, आणि मुलीला पुन्हा वर्गात बसवायला कोणीही आले नाही. ती परत शाळेत गेली ती शेजारच्या दोन मुलींच्या आया रोज तिला सोबत पाठवू लागल्यावर. लग्न थांबवणे कायद्याने होते, पण मुलगी पुढे शिकायची तर बस, वसतिगृह आणि सोबत तिन्ही लागतात. या एका प्रश्नात आधीचे सगळे प्रश्न गोळा झालेले असतात.

मुलाच्या आई-बापाची अडचण आता उघडपणे बोलली जाते. शेती करणाऱ्या तिशीतल्या मुलाला स्थळ येत नाही. मुलीकडच्यांना जावई नोकरीवाला हवा आणि त्याच्या नावावर शेतीही हवी. त्यामुळे मुले वाळूज किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला जातात, लग्न ठरेपर्यंत तिथे टिकतात आणि मग काही परत येतात. मुलीसाठी नोकरीवाला जावई शोधणारे आणि मुलाच्या लग्नासाठी झुरणारे घर पुष्कळदा एकच असते. यावर ठराव होऊ शकत नाही. सोयरीक पाहताना आपण मुलीसाठी घातलेली अट आपल्या मुलालाही लागू पडते, एवढे मान्य करणे हे घराघरातले काम आहे.

गावाच्या प्रश्नांची जागा ग्रामसभा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, आणि प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती हे त्यांचे रूढ दिवस आहेत. गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येचे बंधन राहत नाही. म्हणून पहिल्या सभेला लोक आले नाहीत की दुसऱ्या सभेत मोजकी माणसे सगळ्यांचे निर्णय घेतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बस, पाण्याची वेळ, शाळेतले स्वच्छतागृह हे विषय आधी तिथे निघतात, आणि तिथून लेखी आले तर मुख्य सभेत टाळता येत नाहीत. सभेत बोललेले वाक्य सभा संपताच विरते, इतिवृत्तात लिहिलेले राहते. म्हणून अनुभवी पालक भाषण कमी करतात, विषय आधी लेखी देतात आणि सभा संपल्यावर ठराव वाचून मगच उठतात. पुढे दाद लागली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो आणि माहिती साधारणतः ३० दिवसांत द्यावी लागते. त्या अर्जातही जुना आवक क्रमांकच उपयोगी पडतो.

या सर्वातून पालकांच्या हाती एक कामचलाऊ कसोटी येते. एखादी अडचण तीनचार घरांत एकाच वेळी आणि एकाच वयाच्या मुलांबाबत दिसली तर ती घरची नसते. तिची तारीख, संख्या आणि संबंधित कार्यालय लिहून काढावे. उलट, जिच्यासाठी गावाने नियम करावा असे वाटते पण जी आपल्या घरातले मोठे माणूस उद्यापासून बदलू शकते, ती आधी घरात सोडवावी. काही प्रश्न दोन्हीकडचे असतात, लग्नाचा तसा. तिथे दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात.

एक अडचण मात्र शिल्लक राहते. शाळा व्यवस्थापन समिती ठरावीक मुदतीने नव्याने बनते आणि मूल शाळेतून बाहेर पडले की पालकाचे सदस्यत्वही जाते. अर्ज कुठे द्यायचा, कोणत्या महिन्यात यादी करायची, कोणता ठराव कोणत्या पानावर आहे हे ज्याला कळू लागलेले असते तोच बाहेर पडतो आणि नवा पालक पुन्हा पारावरच्या चर्चेपासून सुरुवात करतो. यावर उपाय एवढाच की अर्जांच्या प्रती, पोच आणि ठराव यांची फाईल सदस्याच्या घरी न ठेवता शाळेत ठेवावी, आणि मावळत्या सदस्यांनी नव्या समितीच्या पहिल्या सभेत ती वाचून दाखवावी.